फुंकर लाइन

आमच्या कारखान्यात रोज चार हजार फोन बनत होते आणि माझ्या घरात त्यातला एकही येत नव्हता. हे कुणाला सांगायला गेलं की लोक हसायचे. "कांचन, तू तिथली सुपरवायझर ना गं? मग एक पिशवीत टाकून आण की," असं माझी नणंदसुद्धा म्हणाली. जसं काही मी पेरूच्या बागेत कामाला आहे.

फोनचं नाव 'गंधा', पण रांजणगावपासून नागपूरपर्यंत सगळे त्याला नाकवाला फोनच म्हणत. गणेशचतुर्थीला तो बाजारात आला आणि चार दिवसांत दुकानं रिकामी झाली. शिरूरच्या मोबाइलवाल्याने काचेवर कागद चिकटवला, 'नाकवाला संपला आहे, पुन्हा पुन्हा विचारू नये.' ज्यांना खरी गरज होती ते रांगेत राहिले आणि ज्यांना फ्रिजमधलं दूध नासलं का एवढंच फोनला विचारायचं होतं त्यांच्या हातात तो मिरवत होता. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गरज माझ्या ओवीला होती. तिला नवव्या वर्षापासून मधुमेह. गोड खाऊन होतो तो नव्हे. शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं, तो. इन्सुलिन कमी पडलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळायला लागतं. त्या जळण्यातून रक्तात आम्ल साठतं आणि थोडा ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतो. नेलपॉलिश काढायच्या औषधात असतो तोच. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी ओवीच्या तोंडाला तो वास आला. मी तिला पेपरऐवजी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर कठीण होतं. त्या सकाळी तिचे पप्पा, संपत, तिच्या शेजारीच चहा पीत बसले होते, पण त्यांना काही कळलं नाही. वीस वर्षं वेल्डिंगचा धूर खाऊन त्यांचं नाक कधीच गेलंय.

साखर मोजायच्या दंडावरच्या चकत्या आम्ही लावून बघितल्या. त्या चिकटपट्टीने ओवीचा दंड सोलून निघायचा. म्हणून या फोनवर आमची सगळी भिस्त होती, कारण तो नुसता बोलता बोलता श्वास हुंगतो आणि वेळीच ओरडतो.

आणि घाई होती ती वेगळ्याच कारणाने. ओवीला रत्नागिरीला मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात जागा मिळाली होती. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण या पोरीला समुद्रच पाहिजे. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. संपत म्हणाले, "फोन हातात आला तर जायचं. नाय आला तर इथंच शिरूरला बीएस्सी करायचं. रात्री-बेरात्री तिथं तिला कोण बघणार?"

"पप्पा, सगळ्या महाराष्ट्रात मिळत नाहीये तो," ओवी म्हणाली.

"मग मी काय करू? आईला सांग, ती बनवते."

मलाही ते पटलं होतं. हॉस्टेलच्या खोलीत माझं नाक नसणार, हे मला रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर आठवायचं.

स्टाफलाही एकेक फोन मिळणार होता, पण बाहेरचं बुकिंग पुरं झाल्यावर. आणि बुकिंग कधी पुरं होणार, तर माल निघेल तेव्हा. घटस्थापनेला मी देवीपुढे बसले आणि नवस बोलले, दसऱ्याच्या आत फोन घरात येऊ दे, नऊ दिवस एक कप दूध आणि पाण्यावर राहते.

आता आमचं काम काय ते सांगते. फोनच्या खालच्या कडेला, माइकच्या शेजारी, मसुराच्या दाण्याएवढी एक पट्टी असते. तिच्यात केसापेक्षा बारीक हजारो तारा. श्वासातला वायू त्यांना चिकटला की त्यांच्यातून वाहणारी वीज कमी-जास्त होते आणि त्यावरून फोन वास ओळखतो. पण माणसाच्या श्वासात शेकडो गोष्टी असतात. नेहमीचा, निरोगी श्वास कसा असतो ते त्या पट्टीला आधी शिकवावं लागतं. काट्यावर रिकामा डबा ठेवून आपण आधी शून्य करून घेतो, तसं. हे शून्य सिलिंडरच्या वायूने नीट लागत नाही, असा कंपनीला अनुभव आला. म्हणून आमच्या पाळीत वीस बायका बसायच्या. प्रत्येकीपुढे काचेची नळी, प्रत्येक फोनला तीन फुंकरा, दिवसाला शंभर फोन. अशा दोन पाळ्या. मग पट्टी भट्टीत जाते आणि ते शून्य कायमचं पक्कं होतं. घरी कुणाला बदलता येऊ नये म्हणून मुद्दाम तसं केलंय. नाहीतर एखादा आजारी असतानाच शून्य लावून बसायचा.

या लाइनला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. आम्ही तिला फुंकर लाइन म्हणायचो.

नियम कडक होते. लसूण नाही, कांदा नाही, मिश्री-तंबाखू नाही, अत्तर नाही, नेलपॉलिश नाही. दर सोमवारी फॉर्म भरायचा. ताप? नाही. औषध? नाही. आहारात बदल? नाही. खाली सही.

पितृपक्षात सगळं सुरळीत होतं. शंभरातले सत्त्याण्णव फोन पास व्हायचे. घट बसले आणि तिसऱ्या माळेपासून माल पडायला लागला. शेवटच्या चाचणीत एक यंत्र प्रत्येक फोनवर आजारी श्वासासारखा वायू सोडतं, त्यावर फोनने ओरडायला हवं. आमचे फोन गप्प. आधी शंभरात दहा, मग पंचवीस, पाचव्या माळेला निम्मे. रोजचे दोन हजार फोन भंगारात चालले होते आणि बाहेर बातम्या येत होत्या की कंपनी मुद्दाम टंचाई करते.

पुण्याहून गद्रे मॅडम आल्या. या पट्ट्यांच्या मुख्य इंजिनिअर. त्यांनी हवेची गाळणी बदलली, भट्टी तपासली, तारांची खेप परत पाठवली. काही फरक नाही. मॅनेजर धायगुडे साहेब दर तासाला येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे.

"कुटे मॅडम, पितृपक्षात माल चांगला जातो आणि देवीच्या दिवसांत पडतो. हे काय उलटंच?"

"मला काय विचारता साहेब. मी फक्त मोजते."

फक्त एका टेबलाचा माल नव्वदच्या खाली आला नाही, तो शबाना तांबोळीच्या. साहेबांनी सगळ्यांना तिच्याकडे बघून शिका म्हणून सांगितलं. शबाना बिचारी वैतागली. "कांचनताई, मी काय वेगळं करते? तीच नळी, तीच फुंकर. उगाच बाकीच्या माझ्यावर डोळा ठेवून बसल्यात."

पोटात अन्न नाही, डोक्यात फोन, त्यात साहेबांची कटकट. मी पण सगळ्यांवर खेकसत होते. त्याच दिवशी पल्लवी दसगुडेच्या टेबलाजवळ वाकले तर नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास आला. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. तिने दोन्ही हात पुढे केले. नखं कोरी होती. "ताई, देवीची शप्पथ, मी हात पण लावला नाय," म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा कामाला लागली. मी तिथून पुढे गेले. त्या वासाने मला थांबवायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष पास-नापासच्या आकड्यात होतं.

सहाव्या माळेला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दसऱ्याची डिलिव्हरी चुकली तर वरचे लोक लाइन गुजरातला नेतील. शेवटच्या चाचणीचा वायू जरा तिखट करू. म्हणजे जास्त फोन ओरडतील, जास्त पास होतील. बसतंय मर्यादेत. लाइन सुपरवायझर म्हणून तुमची सही लागेल."

"गद्रे मॅडमना विचारलंत?"

"त्या गाळणी शोधतायत. आणि हो, तुमच्या मुलीचं मला माहितीये. उद्या स्टाफ कोट्यातून पहिला फोन तुमचा."

मी सही केली. कुणी हात धरून करून घेतली नाही. मी वाचलं, मला कळलं आणि मी सही केली.

वर आणखी एक शहाणपणा केला. ओवीच्या फोनला दुसरी कुणी फुंकर घालायची नाही, असं ठरवून मी स्वतः पल्लवीच्या जागी बसले. आईच्या श्वासावर पोरीच्या फोनचं शून्य लागलं पाहिजे, असं मला वाटलं. तीन फुंकरा घातल्या आणि नळी कपाळाला लावली. शबाना बघून हसली.

सातव्या माळेला फोन घरी आला. ओवीने तो हातात घेतला आणि माझ्या गळ्यात पडली. संपतनी तिची बॅग माळ्यावरून काढून स्वतः पुसली. "देवीनं ऐकलं बरं का तुझं," ते मला म्हणाले. त्या संध्याकाळी मला भूक अशी लागलीच नाही.

आठव्या माळेला सकाळी फोनच्या पावतीवर सही द्यायला मी केबिनमध्ये गेले. धायगुडे साहेबांचा स्वतःचा नाकवाला टेबलावर पडला होता, पहिल्या दिवसाच्या खेपेतला. मी वाकून सही करताना "थँक्यू साहेब" म्हटलं आणि तो किंचाळायला लागला. "तुमच्या श्वासात धोक्याची खूण आहे. ताबडतोब डॉक्टरांकडे जा."

साहेब हसले. "बघा, हाही बिघडला."

मला हसू आलं नाही. मी तशीच लाइनवर गेले, पल्लवीला उठवलं आणि म्हटलं, "माझ्या तोंडावर फुंकर मार."

"ताई, मी खरंच नेलपॉलिश..."

"मार गं."

तोच वास होता. दहावीच्या पेपरच्या सकाळचा.

"पल्लवी, तू उपवास कसला करतेस?"

"दुधावर. नऊ दिवस. तुमच्यासारखाच."

मी वीस जणींना विचारलं. चौदा जणींचे कडक उपवास होते. पाच जणी साबुदाण्यावर होत्या, त्यांचा माल थोडा बरा होता. उरली शबाना, ती रोज डबा खात होती. मी गद्रे मॅडमना ओढत लाइनवर आणलं. त्यांनी ऐकलं आणि खाली बसल्या.

"खायला नाही मिळालं की निरोगी शरीरसुद्धा चरबीच जाळतं," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांत श्वासात ॲसिटोन येतो. तुम्हाला त्याने धोका नाही, तुमचं इन्सुलिन आहे. पण पट्टीला वाटलं, हाच नेहमीचा श्वास. डब्यात माल असताना शून्य केलं आपण." मग त्यांनी फॉर्मची फाइल उघडली. "आहारात बदल, यावर सगळ्यांनी नाही लिहिलंय."

"उपवास म्हणजे काय आहारात बदल?" पल्लवी म्हणाली. "दरवर्षीच असतो की."

"आमचा उपवास चुकला का मॅडम?" मागून कुणीतरी घाबरून विचारलं.

"नाही हो. फॉर्म चुकला. तो लिहिणाऱ्याला नऊ दिवस उपाशी राहणारं कुणी माहीतच नव्हतं. आणि मी इथली असून मला सुचलं नाही."

धायगुडे साहेबांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. माल पास झालाय, कागद पुरे आहेत, दसरा होऊ दे, मग हळूच परत बोलावू, असं त्यांचं म्हणणं होतं. घटस्थापनेपासूनचे वीस हजारांवर फोन गाड्यांत चढले होते. भट्टीत पक्क्या झालेल्या पट्ट्या पुन्हा शिकत नाहीत, म्हणजे ते सगळे भंगार. टंचाई दिवाळीच्या पुढे जाणार होती.

"आणि मॅडम, तिखट वायूच्या कागदावर सही तुमची आहे," साहेब मला म्हणाले. "हे बाहेर गेलं तर आधी तुम्ही जाल."

"जाते," मी म्हटलं. "साहेब, त्यातला एक फोन माझ्या घरात आहे. तो वेळेत कधीच ओरडणार नाही. बाकीचे कुणाच्या घरात चाललेत ते तुम्हाला माहितीये का?"

गद्रे मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि गाड्या थांबवल्या. मी माझ्या सहीबद्दल एक कागद लिहून त्यांच्या हातात दिला. दुपारी मला निलंबनाचं पत्र मिळालं. कंपनीच्या ड्रायव्हर नसलेल्या बसने माझा पास नाकारला, म्हणून मी वडापच्या जीपने घरी आले.

घरी ओवी बॅगेत कपडे भरत होती. मी तिचा नवा फोन घेतला, तोंडाशी धरला आणि फुंकर घातली. "श्वास उत्तम आहे," फोन गोड आवाजात म्हणाला.

मग मी दोघांना सगळं सांगितलं. माझी सही पण सांगितली. ओवी रडली नाही. तिने बॅगेतला टॉवेल काढला, मग ड्रेस, मग वह्या, आणि एकेक कपाटात ठेवायला लागली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"तू काय मुद्दाम केलं नाय," संपत म्हणाले. "पण ठरलं होतं तसंच. फोन नाय तर जाणं नाय."

आणि तेव्हा माझा राग फुटला. तो त्यांच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. महिनाभर मी एका वस्तूची वाट बघत बसले होते. ती बाजारात नाही म्हणून पोरीचं आयुष्य अडवून ठेवायला मीही मान डोलावली होती. तिच्यासाठी उपाशी राहिले आणि त्या उपाशी तोंडानेच तिचा फोन मुका केला. कुणाला काय म्हणायचं?

"ती जाणार," मी म्हटलं.

"आणि वास कोण घेणार?"

"हॉस्टेलात नाकं नसतात का?"

ओवीचा हात कपाटातच थांबला.

दसऱ्याला गल्लीत सगळ्यांनी उपवास सोडले. संपतनी श्रीखंड आणलं होतं. मी दुधाचा कप घेतला.

"आता कशाला उपाशी मरतीस? नवस संपला," ते चिडून म्हणाले.

"नवसाचं नाहीये हे. शर्वरी येईपर्यंत मला जेवता येणार नाही."

शर्वरी झंजाड न्हावऱ्याची. तिलाही त्याच कॉलेजात जागा मिळाली होती आणि ओवीबरोबर एका खोलीत राहणार होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुपारी घरी आली. मी तिला समोर खुर्चीवर बसवलं, मान पुढे केली आणि तिच्या नाकावर सावकाश फुंकर घातली.

"काय वास येतो?"

"काही नाही काकू." पोरगी लाजून लाल झाली होती.

"शर्वरी, इथं लाज धरायची नाही. खरं सांग."

तिने डोळे मिटले. मी पुन्हा फुंकर घातली.

"नेलपेंट काढायच्या औषधासारखा," ती हळू म्हणाली. "आणि... सडायला लागलेल्या सफरचंदासारखा."

"शाबास. आता ओवीचा घे. तो नेहमीचा. तो नीट ध्यानात ठेव."

ओवी पुढे झाली. मग पुन्हा मी, पुन्हा ओवी. पाच वेळा झाल्यावर मी शर्वरीचे डोळे ओढणीने बांधले आणि आम्ही दोघी आळीपाळीने फुंकर घालत गेलो. दहापैकी दहा वेळा तिने बरोबर ओळखलं. "ओवीच्या तोंडाला माझ्यासारखा वास आला," मी म्हटलं, "तर ती काय म्हणते ते ऐकायचं नाही. परीक्षा असो, लग्न असो, सरळ दवाखाना."

"हो काकू."

संपत दारात उभे राहून बघत होते. ते आत आले आणि गुडघ्यावर बसले. "मला मार बरं एक."

मी फुंकर घातली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, थांबले, परत घेतला. मग मान हलवली. त्या दिवशी चहा पिताना त्यांना काय वाटलं असेल, ते मला पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते उठले आणि कपाटातला टॉवेल परत बॅगेत ठेवायला लागले. ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला.

"पण हिला सर्दी झाली मंग?" त्यांनी शर्वरीकडे बोट दाखवलं.

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"खोलीत चौघी असतात पप्पा," ओवी म्हणाली. "आणखी दोघी आहेत."

"त्या कुठल्या?"

"एक चिपळूणची, एक बीडची."

"त्या काय इथं येणार नायत," संपत म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी दुधाचा कप उचलला, तळाशी दोन घोट उरले होते ते प्याले आणि आतून माझी पिशवी आणली. रत्नागिरीची गाडी पहाटे पाचला होती. म्हणजे आणखी एक दिवस उपाशी.

"माझं पण तिकीट काढा," मी म्हटलं. "त्या दोघी भेटल्या की मग जेवते."